क्रूझ सुटतंय? ब्रेक स्विच बदलण्याआधी नीट तपासा

क्रूझ कंट्रोल (अॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता ठरलेला वेग धरणारी सोय) सेटच होत नाही किंवा चालता चालता आपोआप सुटतं, अशी तक्रार घेऊन गाडी गॅरेजला गेली की पहिला संशय ब्रेक स्विचवर, म्हणजे ब्रेक पेडल दाबलंय की नाही हे सांगणाऱ्या स्विचवर, जातो. बऱ्याचदा तो खराही ठरतो. चूक होते ती त्याच्या पुढे. कुणीतरी पेडलवर पाय देतं, मागचे लाल दिवे लागतात आणि "स्विच ओके" म्हणून सगळे स्टिअरिंगच्या बटणांकडे वळतात. नाहीतर काहीही न मोजता नवा स्विच बसवला जातो आणि दोष निघतो पेडलवरून गळून पडलेल्या रबराच्या बटणात. मल्टिमीटर, टॉर्च आणि तासाभराची सवड असेल तर हे दोन्ही टळतं.

मागचे दिवे लागले म्हणजे स्विचचा अर्धा भाग चालतोय, एवढंच सिद्ध होतं. उरलेला अर्धा तपासल्याशिवाय स्विचला पास करू नका आणि नापासही करू नका.

एका डबीत दोन स्विच

क्रूझ असलेल्या बहुतेक गाड्यांत ब्रेक स्विचला चार वायरी असतात. त्यातल्या दोन ब्रेक लाइटच्या. पेडल दाबलं की हे सर्किट जोडलं जातं आणि दिवे लागतात. बाकीच्या दोन इंजिनच्या ईसीयूकडे (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरकडे) जातात आणि त्यांचं काम नेमकं उलटं असतं: पेडल मोकळं असताना सर्किट जोडलेलं, पेडल दाबलं की तुटलेलं.

हे उलटं ठेवण्यामागे सुरक्षेचा विचार आहे. वायर तुटली, पिन गंजली, कपलर (वायरी जोडणारा प्लग) निसटला तर ईसीयूला ते "ब्रेक दाबलाय" असंच दिसतं आणि तो क्रूझ बंद करतो. म्हणजे बिघाड झालाच तर गाडी वेग सोडते, धरून ठेवत नाही. तुमचं क्रूझ लागत नाही याचा अर्थ बऱ्याचदा हाच, की संरक्षण आपलं काम चोख करतंय.

ईसीयू दोन्ही सर्किटं सतत ताडून पाहतो. एक म्हणतंय ब्रेक दाबला, दुसरं म्हणतंय नाही, असं क्षणापेक्षा जास्त टिकलं की तो क्रूझ नाकारतो आणि दोषाचा कोड साठवतो. दिवे व्यवस्थित लागूनही क्रूझ न लागण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

दोन्ही सर्किटांचे कॉन्टॅक्ट (जोडणारे-तोडणारे धातूचे टोक) वेगवेगळ्या कारणांनी मरतात. दिव्याच्या कॉन्टॅक्टमधून मोठा करंट जातो. २१ वॅटच्या दोन बल्बांना मिळून साडेतीन अँपिअर, आणि थंड फिलामेंट पेटताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. दर वेळी बारीक ठिणगी पडते, कॉन्टॅक्ट जळतो आणि काळी पूड तयार होते. डबी एकच असल्यामुळे ती पूड शेजारच्या कॉन्टॅक्टवरही बसते. क्रूझच्या कॉन्टॅक्टमधून मात्र काही मिलिअँपिअरच जातात. एवढ्याशा करंटने कॉन्टॅक्टवरचा थर जळून साफ होत नाही, तो साचतच जातो. ठोकर बसली की कॉन्टॅक्ट हलतो, क्षणभर सर्किट तुटतं आणि क्रूझ सुटतं.

मीटर हातात घेण्याआधी

डॅशबोर्डवरची खूण वाचा. क्रूझचं बटण दाबल्यावर खूण उमटते, पण सेट दाबल्यावर तिचा रंग बदलत नाही किंवा सेट झालेला वेग दिसत नाही, तर बटणाचा संदेश ईसीयूपर्यंत पोहोचतोय आणि ब्रेक, क्लच किंवा वेग यांपैकी काहीतरी त्याला अडवतंय. खूणच उमटत नसेल तर आधी स्टिअरिंगची बटणं आणि फ्यूज बघा. बहुतेक गाड्यांत ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या खाली क्रूझ सेट होतच नाही, हेही लक्षात असू द्या.

मग सोबतची लक्षणं बघा. ब्रेक स्विचच्या संदेशावर आजच्या गाडीत बरंच काही चालतं. पुश बटणाच्या ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबूनही स्टार्टर फिरत नाही, गिअर पार्किंगमधून निघत नाही, ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) किंवा हिल होल्डचा (चढावर गाडी मागे न जाऊ देणाऱ्या सोयीचा) दिवा लागतो, अशातलं काही क्रूझसोबत बिघडलं असेल तर संशय पक्का होत जातो. कॉमन रेल डिझेल गाडी अचानक ओढायला मंद झाली असेल तर तेही इथूनच असू शकतं. अॅक्सिलरेटर आणि ब्रेक एकाच वेळी दाबलेले दिसले की अनेक ईसीयू जाणूनबुजून ताकद कमी करतात. अशा गाडीचा डिझेल फिल्टर बदलून काही साधत नाही.

गाडी भिंतीकडे पाठ करून लावा आणि संध्याकाळी, अंधार पडल्यावर, पेडल हाताने सावकाश दाबा. पहिल्या एक सेंटीमीटरच्या आत, ब्रेकला जोर लागण्याआधीच भिंतीवर लाल उजेड पडायला हवा आणि पेडल सोडलं की तो लगेच जायला हवा. खूप खाली गेल्यावर दिवे लागत असतील तर स्विच पेडलच्या फार जवळ बसलाय. सोडल्यावरही उजेड राहत असेल तर पुढचा भाग आधी वाचा.

पेडलवरचं रबरी बटण

पेडलच्या पट्टीला, जिथे स्विचचा प्लंजर (आत-बाहेर सरकणारा दांडा) टेकतो तिथे, एक छिद्र असतं आणि त्यात रबराचं किंवा प्लास्टिकचं छोटं बटण बसवलेलं असतं. प्लंजर त्या बटणावर टेकतो. वर्षानुवर्षं उन्हात तापलेल्या केबिनमध्ये हे बटण ठिसूळ होतं आणि एक दिवस तुकडे होऊन गळतं. मग प्लंजर सरळ छिद्रातून आरपार जातो. पेडल पूर्ण वर असूनही स्विचला ते दाबलेलंच वाटतं. मागचे दिवे कायम चालू, क्रूझ बंद.

ड्रायव्हरच्या मॅटवर निळ्या, पांढऱ्या किंवा काळ्या प्लास्टिकचे चुरा झालेले तुकडे सापडले तर निदान झालं. मीटर काढायचीही गरज नाही. मॅट झटकण्याआधी तेवढं बघून घ्या. वॉशिंगवाल्याने आधीच झटकली असेल तर टॉर्च घेऊन पेडलच्या पट्टीवर वरपर्यंत बघा. स्विचच्या टोकासमोर मोकळं छिद्र दिसेल.

यात चालढकल करू नका. ४५ अँपिअर अवरची बॅटरी साडेतीन अँपिअरच्या लोडवर साधारण बारा-तेरा तासांत झोपते. रात्री नऊला लावलेली गाडी सकाळी सुरू होणार नाही. शिवाय मागच्या गाडीला तुम्ही ब्रेक कधी मारताय हे कळतच नाही. ऊस वाहणारे ट्रॅक्टर आणि त्यांच्यामागे दबकत चालणाऱ्या गाड्या असलेल्या आपल्या रस्त्यांवर हे फार धोक्याचं आहे.

नवं बटण घ्यायचं तर छिद्राचा व्यास मोजा, पट्टीचा फोटो काढा आणि कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात किंवा जिथे तुमच्या गाडीचे स्पेअर्स मिळतात तिथे दाखवा. हाताने दाबून बसतं. वाटेत अडकलात तर छिद्रातून जाईल असा सहा किंवा आठ एमएमचा बोल्ट, वायसर आणि नट लावून घरापर्यंत येता येतं. बोल्टचं डोकं प्लंजरकडे ठेवा आणि नट घट्ट आवळा. हा इलाज दोन-चार दिवसांचाच. बोल्ट सुटून पेडलखाली पडला तर ब्रेक अडकू शकतो.

मल्टिमीटरने तपासणी

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. पेडलखाली डोकं घालून काम करताना पिवळ्या रंगाचे कपलर दिसले तर त्यांना हात लावू नका. ते एअरबॅगचे असतात.

आधी फ्यूज. ब्रेक लाइटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० किंवा १५ अँपिअरचा असतो. तो काढून नुसता डोळ्यांनी बघू नका. जागेवर ठेवूनच त्याच्या पाठीवरच्या दोन्ही बारीक टोकांवर व्होल्टेज मोजा. इंजिन बंद असताना दोन्हीकडे बॅटरीइतकं, म्हणजे साडेबाराच्या आसपास मिळायला हवं. एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, तर फ्यूज उडालाय. नवा फ्यूज लगेच उडत असेल तर स्विचकडे जाऊ नका, मागच्या दिव्यांच्या वायरिंगमध्ये शॉर्ट शोधा.

मग स्विच. इग्निशन बंद करून कपलर काढा. मीटर ओहमवर ठेवा, दोन्ही टोकं एकमेकांना लावा आणि जो आकडा येईल तो लक्षात ठेवा. ०.३ आला तर पुढच्या प्रत्येक आकड्यातून तेवढा वजा करायचा.

इथे अनेकांचा घोटाळा होतो. पेडल वर असताना प्लंजर आत दाबलेला असतो. पेडल दाबलं की पट्टी दूर जाते आणि प्लंजर बाहेर येतो. स्विच काढून हातात घेतला की प्लंजर मोकळा, बाहेर असतो, म्हणजे स्विचच्या दृष्टीने तेव्हा ब्रेक दाबलेला आहे. हे न समजता हातात घेऊन मोजणारा चांगला स्विच खराब ठरवतो. म्हणून हातात घेतल्यावर बोटाने प्लंजर दाबा आणि मनात म्हणा, "आता पेडल मोकळं आहे."

प्लंजर दाबलेला असताना क्रूझच्या जोडीत एक ओहमच्या आत आकडा यायला हवा आणि दिव्याच्या जोडीत काहीच नाही, मीटरवर उघडं सर्किट. प्लंजर सोडला की बरोबर उलटं. कुठल्या दोन पिना कुठल्या जोडीच्या हे माहीत नसेल तर बीप मोडवर एकेक जोडी लावून पाहा. प्लंजर दाबून बीप येते ती क्रूझची, सोडून येते ती दिव्याची.

नुसतं दाबून-सोडून भागत नाही. प्लंजर अगदी हळूहळू, पाच-सात सेकंद घेत आत-बाहेर करा आणि आकड्याकडे बघत राहा. चांगल्या स्विचचा आकडा एका ठिकाणी झटकन बदलतो. खराब झालेला मधेच ५, ४०, २०० ओहम असं नाचत जातो. प्लंजर बाजूला हलवून, डबीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करूनही बघा. ठोकर बसल्यावर सुटणारं क्रूझ याच तपासणीत सापडतं.

तरीही ओहमवर पूर्ण भरवसा ठेवू नका. मीटर अगदी बारीक करंट सोडून मोजतो, त्यामुळे जळका कॉन्टॅक्टही त्याला चांगला दिसू शकतो. दिव्याच्या सर्किटसाठी खरी परीक्षा लोडवर घ्यायची. कपलर जोडा, मागच्या बाजूने वायरीलगत बारीक टाचणी सरकवून कपलरच्या आतल्या पिनेपर्यंत पोहोचा. मीटर डीसी व्होल्टवर, लाल टोक स्विचला येणाऱ्या वायरीवर, काळं टोक दिव्याकडे जाणाऱ्या वायरीवर. कुणाला तरी पेडल दाबायला सांगा. दिवे चालू असताना ०.२ व्होल्टच्या आत दिसलं तर कॉन्टॅक्ट ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर तो जळत चाललाय, बदला. मागचे दिवे मुळातच एलईडी असतील तर करंट कमी जातो आणि ही परीक्षा सौम्य होते. तिथे स्कॅनरवर (ईसीयूतले कोड आणि डेटा वाचणाऱ्या यंत्रावर) भर द्या.

क्रूझच्या सर्किटसाठी इग्निशन चालू करून ईसीयूकडे जाणाऱ्या वायरीवर गाडीच्या बॉडीच्या संदर्भाने व्होल्टेज मोजा. पुष्कळ गाड्यांत पेडल मोकळं असताना बॅटरीइतकं येतं आणि दाबल्यावर शून्य. काही गाड्यांत संदेश अर्थिंगचा असतो, तिथे आकडे उलटे दिसतील, म्हणून त्या मॉडेलचा वायरिंग नकाशा समोर हवा.

वायरीच्या कातड्यात सुई टोचून मोजायची सवय सोडा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा दमट असते. टोचलेल्या जागेतून ओल शिरते, तांबं हिरवं पडतं आणि पुढच्या वर्षी तुम्हीच केलेला दोष तुम्हाला शोधावा लागतो.

आणखी एक. काही नव्या गाड्यांत प्लंजरचा स्विचच नसतो. मास्टर सिलिंडरवर (ब्रेकच्या तेलाला दाब देणाऱ्या सिलिंडरवर) किंवा पेडलवर चुंबकाने चालणारा हॉल सेन्सर असतो. त्याला ओहमची तपासणी लागू होत नाही, उलट मीटर लावून तो बिघडू शकतो. तिथे फक्त सप्लाय, अर्थिंग आणि स्कॅनरवरचा डेटा बघा. असा सेन्सर बदलल्यावर काही गाड्यांत स्कॅनरने त्याची शून्य जागा शिकवावी लागते.

स्कॅनर काय सांगतो

पी ०५७१ म्हणजे पहिल्या ब्रेक स्विचच्या सर्किटमध्ये दोष. त्याचाच सिग्नल सतत खाली राहिला तर पी ०५७२, सतत वर राहिला तर पी ०५७३. पी ०७०३ दुसऱ्या सर्किटचा. पी ०५०४ म्हणजे दोन्हींचं एकमेकांशी जुळत नाही. हा शेवटचा कोड आला आणि मागचे दिवे व्यवस्थित असतील तर क्रूझची जोडी किंवा तिची वायर यांच्यावर बोट ठेवायला हरकत नाही.

कोडमध्ये "ब्रेक स्विच" लिहिलंय म्हणून स्विचच गेला असं होत नाही. ईसीयूला फक्त त्याच्या पिनेवर काय पोहोचलं तेवढंच कळतं. वाटेतली वायर, कपलर, फ्यूज, अर्थिंग, मागचे बल्ब हे सगळं त्या एका कोडमागे दडलेलं असतं.

ब्लूटूथवाला स्वस्त ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये लावायचं छोटं यंत्र) मोबाइलला जोडून कोड वाचता येतात, पण ब्रेक स्विचची चालू स्थिती त्यावर सहसा दिसत नाही, कारण सगळ्या कंपन्यांना समान असलेल्या डेटात ती नसते. त्यासाठी तुमच्या कंपनीचा डेटा वाचणारा स्कॅनर किंवा अॅप लागतं. तसा मिळाला तर लाइव्ह डेटामध्ये ब्रेकचे दोन्ही सिग्नल शेजारी लावा, पेडल हाताने मिलिमीटर मिलिमीटर दाबत जा आणि दोघं कधी बदलतात ते बघा. क्षणभराचा फरक चालतो. एक बदलला आणि दुसरा अजून आणखी बोटभर दाबायची वाट बघतोय, हे चालत नाही. काही गाड्यांत "क्रूझ कशामुळे रद्द झालं" हेही नोंदलेलं असतं. ती ओळ मिळाली तर निम्मं काम वाचतं.

स्विच चांगला निघाला तर

दिवसा क्रूझ लागतं आणि रात्री हेडलाइट लावले की लागत नाही, अशी तक्रार आली तर सरळ मागच्या दिव्यांच्या अर्थिंगकडे जा. ज्या गाड्यांत टेल लाइट आणि ब्रेक लाइट एकाच दोन फिलामेंटच्या बल्बमध्ये असतात, तिथे अर्थिंग खराब झालं की टेल लाइटचा करंट वाट शोधत ब्रेकच्या फिलामेंटमधून उलटा ब्रेकच्या वायरीत येतो. पेडलला कुणी हात लावलेला नसतो, तरी ईसीयूला त्या वायरीवर व्होल्टेज दिसतं. तपासायला सोपं आहे: हेडलाइट चालू, पेडल मोकळं, ब्रेक लाइटच्या वायरीवर मीटर. शून्य हवं. दोन-तीन व्होल्ट दिसले तर मागच्या दिव्याचं अर्थिंग सोडून, गंज पॉलिश पेपरने घासून, स्क्रू पुन्हा आवळा. होल्डरमध्ये चुकीचा, एका फिलामेंटचा बल्ब कोंबलेला असेल तरी हाच खेळ होतो.

ब्रेक लाइटवर लुकलुकणारी एलईडी पट्टी, डिकीवरची जादा लाइट, ट्रॉलीचं सॉकेट असं काही नंतर जोडलं असेल तर पहिल्यांदा ते सोडवा आणि क्रूझ तपासा. फुटपाथवरच्या दुकानात वायरीला वायर पिळून, वर टेप गुंडाळून केलेला जोड हा संशयित नंबर एक. साध्या बल्बच्या जागी एलईडी बल्ब घातल्यानंतर क्रूझ बंद पडलं असेल तर जुना बल्ब परत लावून बघा. विशेषतः बाहेरून बसवलेल्या काही क्रूझ किटांना बल्बच्या फिलामेंटमधून अर्थिंग मिळावं लागतं. एलईडी ते देत नाही आणि किटला वाटतं वायर तुटली.

कोल्हापुरात पुराचा विषय वेगळा काढावाच लागतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला आणि शहरात कित्येक गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पंचगंगेने धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडली की सखल भागात पार्किंगमध्ये पाणी येतं. अशी गाडी वरून धुऊन-पुसून चकाचक झाली तरी डॅशबोर्डखालच्या कपलरांत गाळ आणि ओल राहते. जुनी गाडी घेतली असेल आणि तिच्या कार्पेटखाली बारीक माती सापडली तर स्विचच्या आधी कपलर उघडा. पिनांवर हिरवी किंवा पांढरी बुरशीसारखी पूड असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, नायलॉनच्या ब्रशने घासून, पूर्ण वाळवून जोडा. पिन ढिली झाली असेल तर ती बदला. चिमट्याने दाबून घट्ट केलेली पिन फार दिवस टिकत नाही.

शेताकडे किंवा गोठ्याजवळ गाडी लागत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी शोधा. तुटलेली वायर नुसती पिळून टेप लावू नका. सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक नळी बसवा.

बसवताना आणि सेट करताना

नवा स्विच घेताना पार्ट नंबर जुळवा. कपलर सारखा बसतो म्हणून स्विच सारखा असतो असं नाही. आतल्या कॉन्टॅक्टची रचना वेगळी असू शकते. दुकानातच मीटर लावून दोन्ही जोड्या वर सांगितल्याप्रमाणे तपासून घ्या.

पेचाचा स्विच असेल तर लॉकनट सैल करा, बहुतेक वेळा १२ किंवा १४ नंबरचा पाना लागतो. पेडल पूर्ण वर आहे याची खात्री करा, जाड मॅट आड येत नाही ना तेही बघा. स्विच फिरवत पुढे आणा, डबीचा पेचाचा भाग पेडलच्या बटणाला टेकला की थांबा आणि अर्धा ते एक फेरा मागे घ्या. पेचाची पिच १.२५ मिलिमीटर असेल तर अर्ध्या फेऱ्यात ०.६ मिलिमीटर फट पडते. अनेक गाड्यांत ही फट अर्धा ते दोन मिलिमीटरच्या दरम्यान सांगितलेली असते. तुमच्या मॉडेलचं माप मॅन्युअलमध्ये बघा आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. लॉकनट आवळताना स्विच सोबत फिरू देऊ नका, आवळून झाल्यावर फट पुन्हा मोजा.

फट ठेवली नाही, स्विच जास्त पुढे आला, तर काय होतं ते नीट समजून घ्या. पेडल पूर्ण वर येत नाही, पुशरॉड (पेडलमागचा दांडा) किंचित दाबलेला राहतो आणि मास्टर सिलिंडरमधलं तेल परत टाकीत जायचं बारीक भोक बंद राहतं. गाडी चालू लागली की ब्रेक तापतात, तेल फुगतं, दाब वाढतो आणि ब्रेक आणखी आवळले जातात. गगनबावड्याच्या किंवा आंब्याच्या घाटात असे चिकटलेले ब्रेक जिवावर बेतू शकतात. स्विच सेट केल्यावर चारपाच किलोमीटर फिरून चाकाच्या रिमजवळ हात न्या. एखादं चाक जास्त तापलं असेल तर पुन्हा पेडलकडे या.

दात्यांचा, आपोआप सेट होणारा स्विच असेल तर पद्धत वेगळी. प्लंजर हाताने पूर्ण बाहेर ओढा. पेडल खाली दाबून धरा, स्विच ब्रॅकेटमध्ये घाला, खटका बसेपर्यंत फिरवा आणि मग पेडल सावकाश वर येऊ द्या. ते वर येताना प्लंजर दातांवर सरकत आपली जागा धरतो. पेडल झटक्यात सोडलं तर तो जास्त आत जातो आणि स्विच वाया जातो. यातले बरेचसे स्विच एकदाच सेट होतात, काढला की नवाच लागतो.

मॅन्युअल गाडीत क्लचलाही असाच स्विच असतो आणि तोही क्रूझ सोडवतो. त्याचा कोड पी ०७०४. ब्रेकचं सगळं बरोबर आलं तर तीच तपासणी क्लचवर करा. डावा पाय क्लचवर टेकवून चालवण्याची सवय असेल तर आधी ती सोडून बघा, दोष कदाचित तिथेच संपेल. एबीएसचा दिवा लागलेला असेल तर चाकाच्या सेन्सरवरचा चिखल काढल्याशिवाय क्रूझची अपेक्षा ठेवू नका. हॉर्न आणि स्टिअरिंगची बाकीची बटणंही मधूनमधून बंद पडत असतील तर स्टिअरिंगमधली गुंडाळलेली पट्टी, म्हणजे क्लॉक स्प्रिंग गेली असणार. तिथे एअरबॅग असते. ते काम जाणकाराकडेच द्या.

एक गोष्ट करू नका

क्रूझच्या जोडीतल्या दोन वायरी स्विचच्या आधीच जोडून टाकायचा तोडगा कुणी सुचवला तर नकार द्या. त्याने ईसीयूला कायम "ब्रेक मोकळा" दिसतं. ज्या गाडीत दोन्ही सिग्नल ताडले जातात तिथे पेडल दाबल्याबरोबर कोड येईल. जिथे ताडणी ढिली आहे तिथे क्रूझ लागेल, पण ब्रेक दाबल्यावर ते सोडायला आता एकच वायर उरेल. ती गेली तर तुम्ही ब्रेक मारताय आणि इंजिन वेग धरायला बघतंय, अशी स्थिती येईल. कुठल्याही गाडीत, कुठल्याही घाईत हे करायचं नाही.

रस्त्यावरची परीक्षा

कोरडा रस्ता, सकाळची वेळ, कमी गर्दी. सातारा ते कागल पट्ट्यात जिथे रस्त्याच्या कामामुळे वळणरस्ते असतील, तिथे ही परीक्षा घेऊ नका. सलग मोकळा पट्टा निवडा. पावसात आणि घाटात तर नकोच.

मागे कुणी नाही हे आरशात बघून ताशी ६० ला क्रूझ सेट करा. उजव्या पायाने पेडलला नुसता स्पर्श द्या. गाडीचा वेग ब्रेकने कमी व्हायच्या आत क्रूझ सुटायला हवं. पुन्हा लावा, क्लचने सोडवून बघा. पुन्हा लावा आणि रस्त्याच्या सांध्यावरून, छोट्या उंचवट्यावरून जाऊ द्या. तिथे सुटलं तर फट पुन्हा मोजा आणि पेडलच्या बुशमध्ये प्ले आहे का ते गाडी थांबवून हाताने हलवून बघा. बुश झिजलेलं असेल तर पेडल ठोकरीने थरथरतं आणि नवा स्विचही तसाच सुटत राहतो.

घरी आल्यावर इंजिन बंद करा, गाडीतून उतरा, कुलूप लावा आणि दहा मिनिटांनी मागे जाऊन बघा. तिन्ही ब्रेक लाइट बंद असायला हवेत.